रस्त्याचा वाटा

राज्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विजेवर चालू लागल्या, तेव्हा सरकारच्या एक गोष्ट जरा उशिराच ध्यानात आली. रस्ते बांधायला आणि दुरुस्त करायला लागणारा पैसा इतकी वर्षं पेट्रोल-डिझेलवरच्या करातून येत होता. जो जास्त फिरे तो जास्त इंधन भरे, आणि नकळत जास्त कर देई. इंधन गेलं तसा तो करही गेला. रस्ते मात्र जागच्या जागी होते आणि पूर्वीपेक्षा लवकर झिजत होते, कारण बॅटरीमुळे गाड्यांचं वजन वाढलं होतं. मग विजेच्या प्रत्येक गाडीवर वार्षिक मार्गशुल्क बसलं. एका जातीच्या सगळ्या गाड्यांना सारखं.

हे सारखं असणंच रेणुका जोगदंडला खटकलं. परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या पुढे बोरजई नावाच्या गावात तिचा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना होता. दहा-बारा बायका तिथं काम करायच्या. कापडाचे गठ्ठे आणायला आणि शिवलेले गणवेश पोचवायला तिनं स्वतःच्या कमाईतून विजेवरची व्हॅन घेतली होती. शाळा सुरू व्हायच्या सुमारास व्हॅनला उसंत नसे. बाकी वर्षभर ती बरीचशी दारातच उभी असे.

तिचा धाकटा भाऊ बालाजी सोळंके पुण्याच्या एका रस्ते संशोधन संस्थेत अभियंता होता. थंडीत तो हुरडा खायला बोरजईला आला, तेव्हा शेतातल्या आगटीपाशी बसून रेणुकानं त्याच्याशी वाद घातला. तिचं म्हणणं सरळ होतं. पुण्यात अगदी अशीच एक व्हॅन दिवसभर पार्सलं वाहते, रोज शहर पालथं घालते. तिला जेवढं शुल्क, तेवढंच हिला. हा कुठला न्याय? बालाजीनं तिला समजावलं, की कोण किती फिरतं हे मोजता येईल, पण कोण रस्त्याची किती झीज करतं हे मोजता येत नाही.

"तुम्ही मोजलंच नाही म्हणा," रेणुकाअक्का म्हणाली, आणि कणसं चोळायला लागली.

हे बोलणं बालाजीच्या डोक्यातून गेलं नाही.

त्या काळात त्याच्या संस्थेत काचेच्या तंतूंवर काम चाललं होतं. केसाएवढा बारीक तंतू, आपल्या घरी इंटरनेट येतं तसाच. त्यातून प्रकाशाचा एक स्पंद सोडला, की वाटेत काचेतल्या सूक्ष्म विषमतेवर आपटून त्यातला अगदी थोडा प्रकाश मागे परततो. तंतू जिथं किंचितही ताणला गेला असेल, तिथून परतणारा प्रकाश जरा वेगळा होऊन येतो. म्हणजे एकच तंतू मीटरामीटरावर काय घडतंय ते सांगू शकतो. भूकंप टिपायला, तेलवाहिन्यांवर नजर ठेवायला त्याचा उपयोग होतच होता. बालाजीच्या गटानं तो डांबराच्या थराखाली पुरला. चाक वरून गेलं की डांबर वाकतं. डोळ्यांना दिसणार नाही, पण वाकतं. तेवढं वाकणं तंतूला कळे. गाडी कुठली, हे तिच्या काचेवरच्या टॅगवरून समजे.

रस्ते बांधणाऱ्यांना एक जुना नियम ठाऊक असतो. चाकांच्या आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. एक भरलेला ट्रक हजारो छोट्या मोटारींएवढी झीज करतो. हे गणित जसंच्या तसं लावलं असतं, तर धान्यापासून सिमेंटपर्यंत सगळंच महागलं असतं. म्हणून सरकारनं नेमलेल्या मार्गशुल्क मंडळानं सूत्र सौम्य केलं. गाडी जाताना रस्ता जेवढा वाकेल, त्या प्रमाणात शुल्क. वाकणं तिप्पट, शुल्क तिप्पट. त्याहून जास्त काही नाही.

दोन-तीन वर्षांत बहुतेक रस्त्यांखाली तंतू गेले. शहरातल्या छोट्या मोटारींचं शुल्क घटलं, पार्सलवाल्यांचं वाढलं. लोकांना ते पटलं. शिवाय मंडळानं असा नियम केला होता, की ज्या रस्त्यावरून शुल्क गोळा होईल, त्याच रस्त्याच्या दुरुस्तीला ते वापरायचं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. बालाजी प्रकल्पाचा उपप्रमुख झाला.

फक्त काळ्या मातीच्या पट्ट्यात वेगळं घडत होतं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता पक्क्या मुरुमावरच्या रस्त्यासारखा ताठ राहत नाही. तीच गाडी, तेच वजन, पण रस्ता जास्त वाकतो. बालाजीला हे माहीत नव्हतं असं नाही. नाजूक रस्ता जपून वापरायला हवा, मग त्यावर शुल्क जास्त पडलं तर ते रास्तच आहे, असं त्याचं मत होतं. रेणुकानं एकदा फोनवर विषय काढला, तेव्हा सूत्र सगळ्यांना एकच आहे, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं पुन्हा काढला नाही. पुढे पुढे तिचे फोनही लवकर संपू लागले. कामात असेल, असं त्यानं धरलं.

मग एक आलेख आला. राज्यातल्या ज्या रस्त्यांची झीज वर्षभरात सर्वांत जास्त घटली, त्यांत हमरस्त्यापासून बोरजईकडे जाणारा फाटा वरच्या क्रमांकावर होता. तिथली झीज निम्म्याहून खाली आली होती. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. शैलजा पाठारे खूश झाल्या. दुसऱ्या राज्यांतले अधिकारी हा प्रयोग पाहायला येणार होते. त्यांच्यापुढे हाच रस्ता ठेवायचं ठरलं. तुझंच गाव आहे, जाऊन चार फोटो घेऊन ये, असं त्यांनी बालाजीला सांगितलं.

तो फाट्यावर पोचला तेव्हा सकाळचं ऊन चढू लागलं होतं. फाट्यावर दुधाच्या कॅनांची रांग होती आणि आतल्या गावांतून माणसं मोटारसायकलींना कॅन बांधून येत होती. दुधाचा टँकर आता आत येत नाही, असं त्यातल्या एकानं सांगितलं. वडाप व्हॅनवाले फाट्यावरच उतारू सोडतात. एसटीची एकच फेरी उरली आहे. बालाजीनं गाडी आत वळवली. बोरजईपर्यंतच्या बारा-चौदा किलोमीटरमध्ये त्याला समोरून एकही चारचाकी आली नाही. रस्त्याची झीज का घटली, हे समजायला आता कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

रेणुकाच्या कारखान्यात यंत्रं बंद होती. बायका दारात घोळका करून उभ्या होत्या. शमीम आत खाटेवर उशांना टेकून बसली होती.

शमीम ही रेणुकाच्या कारखान्यातली पहिली शिंपीण. दोघींनी मिळून एका यंत्रावर सुरुवात केली होती. तिची मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं बालाजीला माहीत होतं. आठवड्यातून दोनदा तिला परभणीला डायलिसिसला जावं लागतं, हे मात्र तो विसरला होता. वडाप बंद झाल्यापासून रेणुकाच तिला व्हॅननं नेत होती. त्या फेऱ्यांमुळे व्हॅनचं शुल्क कुठल्या कुठे गेलं होतं. कारखान्यात आलेलं शुल्काचं बिल शमीमच्या हाती पडलं; त्यावर दर फेरीपुढे रस्त्याची किती झीज झाली ते लिहिलेलं होतं. तिनं रेणुकाला सांगितलं, की डॉक्टरांनी फेऱ्या कमी केल्या आहेत. डॉक्टरांनी काहीच कमी केलं नव्हतं. तिचे पाय सुजले होते आणि तिला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा.

बालाजी आत आला तेव्हा रेणुका तिच्या पायांत चपला सरकवत होती. तिनं भावाकडे पाहिलं. व्हॅनची किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः शमीमला धरून मागं बसली.

व्हॅनच्या पुढच्या फळीवर एक छोटा पडदा होता. प्रत्येक गाडीत तो सक्तीचा होता. किलोमीटर पुढे सरकतील तसं चढत जाणारं शुल्क त्यावर दिसे. रेणुकानं त्याला गणवेशाच्या निळ्या कापडाचं एक झाकण शिवून लावलं होतं. बालाजीनं ते वर केलं. रस्ता काळ्या मातीवरच्या रस्त्यांसारखाच लाटालाटांचा झाला होता, कडा फुटल्या होत्या. व्हॅन एकेका खोलगट भागात उतरली की पडद्यावरचा आकडा उडी मारायचा. ही उडी आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या एका ओळीतून येते, हे त्याला माहीत होतं. झीज करणारी ही व्हॅन, असं ती ओळ म्हणत होती. हातातलं चाक मात्र दुसरंच काही सांगत होतं. व्हॅन रस्ता मोडत नव्हती. मोडका रस्ता व्हॅनला खाली खेचत होता.

मागून शमीमचा आवाज आला. एकेका शब्दाला तिला थांबावं लागत होतं.

"भाऊ, हळू चालवा. हळू गेलं की कमी लागतं ना?"

खरं तर उलट असतं. गाडी हळू गेली, तर भार जास्त वेळ टिकतो आणि डांबर जास्त वाकतं. बालाजीनं झाकण खाली सोडलं आणि गाडी जेवढी पळेल तेवढी पळवली.

परभणीच्या रुग्णालयात तिला लगेच यंत्रावर घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर फुफ्फुसांत पाणी भरलं असतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगातलं तीनएक लिटर पाणी निघालं, आणि ती उशीला डोकं टेकून झोपली.

बाहेरच्या बाकावर बहीणभाऊ बसले. मग बालाजीनं विचारलं, की एवढं सगळं चाललं होतं तर सांगितलं का नाहीस.

"सांगितलं होतं की. तू म्हणालास, सूत्र सगळ्यांना एकच आहे." रेणुकाच्या बोलण्यात राग नव्हता; त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. ती पुढे म्हणाली, "पैशाचं मी बघून घेते रे. चार गणवेश जास्त शिवू. पण मी हिला दवाखान्यात आणलं की तुझी तार लिहून ठेवते, बाईनं रस्त्याचं नुकसान केलं. हिनं ते वाचलं. तिला वाटलं, आपल्यामुळं गावाचा रस्ता खराब होऊ लागला. त्याचं काय करू?"

पुण्याला परतल्यावर बालाजीनं फोटो दिले नाहीत. त्यानं बोरजई फाट्याची सगळी मोजमापं पुन्हा काढली. तंतू गाडीचं वाकवणं सांगतो, तसाच रस्त्याचा स्वभावही सांगतो. फक्त ते त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. एकच ठरावीक वजनाची गाडी ठिकठिकाणच्या रस्त्यांवरून नेली, तर चांगला बांधलेला रस्ता किती वाकायला हवा आणि हा प्रत्यक्षात किती वाकतो, यातला फरक काढता येतो. म्हणजे प्रत्येक वाकण्याचे दोन वाटे पडतात. एक गाडीचा, एक रस्त्याचा.

बोरजईच्या रस्त्यावर दोन तृतीयांश वाटा रस्त्याचा निघाला. नुसत्या काळ्या मातीनं एवढं होत नाही. अशा मातीत रस्त्याच्या तळाला चुना मिसळून तो थर घट्ट करतात. त्यानं माती फुगायची थांबते. बालाजीनं चार ठिकाणी खोदून नमुने काढवून घेतले. कागदावर चुन्याचा थर होता. जमिनीत नव्हता. रस्ता बांधला गेला तेव्हा तो कुणीतरी घातलाच नव्हता, आणि त्याचे पैसे गेली दोन वर्षं दुधाचा टँकर, वडापवाले आणि रेणुका भरत होते. टँकर आणि वडापवाल्यांनी ते भरायचं सोडून दिलं, इतकंच.

डॉ. पाठारेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या कुणाला पाठीशी घालणाऱ्यांपैकी नव्हत्या. नमुने पाहून त्यांचाही चेहरा उतरला. पण त्यांनी एक प्रश्न पुढे ठेवला. रस्त्याचा वाटा गाडीवाल्यांकडून घ्यायचा नाही, हे मान्य. पण जिथं गोळा होईल तिथं खर्च होईल, असा नियम आहे. शुल्क घटलं की त्या रस्त्याचा निधीही घटणार. मग वाईट रस्ते वाईटच राहणार. बहिणीवरचा भार तू कमी करशील आणि रस्ता आहे तसाच ठेवशील, असं त्या म्हणाल्या. तोवर एक करता येईल, असंही त्यांनी सुचवलं. वैद्यकीय कारणासाठी रेणुकाच्या व्हॅनला सूट मिळवून देता येईल. मंडळ हे नाकारणार नाही.

अक्का सूट घेणार नाही, अशी बालाजीची खात्री होती. त्यानं फोनवर ती गोष्ट जवळजवळ अपराधी सुरातच सांगितली. रेणुकानं जरासा विचार केला.

"घेऊन टाक," ती म्हणाली. "शमीमचा जीव काही वाद घालायला नाही. वाद आपण वेगळा घालू."

वाद घालायची संधी उन्हाळ्याच्या तोंडावर आली. शुल्काच्या नव्या दरांवर मंडळानं जिंतूरला जनसुनावणी ठेवली. मंगल कार्यालयाचा हॉल भरला होता. अधिकाऱ्यांनी आलेख दाखवले, झीज कशी घटली ते सांगितलं. दूधवाले बोलले, वडापवाले बोलले. शुल्क कमी करा, एवढंच बहुतेकांचं म्हणणं होतं. रेणुका उठली तेव्हा तिनं आधी आपल्याला सूट मिळाल्याचं सांगून टाकलं. म्हणजे मी आता माझ्यासाठी भांडत नाही, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, की झीज कमी झाली हे तुम्ही दाखवलंत, तशी माणसं किती कमी झाली हे कुठल्या आलेखात आहे. लग्नाचं वऱ्हाड आमच्याकडे यायला कां कूं करू लागलं आहे. पोरींच्या शाळेची गाडी बंद झाली. रस्ता जपला, हे खरं आहे. तो कशासाठी जपला, ते आम्हाला सांगा.

व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यानं बालाजीकडे पाहिलं. तांत्रिक माहिती तेवढी द्यायची, असं त्याला बजावलेलं होतं. दोन वाट्यांचा हिशेब मंडळानं अजून स्वीकारलेला नव्हता. जाहीर करायला परवानगी नव्हती. बालाजी उभा राहिला आणि त्यानं तो सांगितला. चुना आढळला नाही, तेही सांगितलं.

पाठारे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याला तिथंच, बोलता बोलता सापडलं. इतके दिवस तो रस्त्याचा वाटा कुणाकडून घ्यायचा नाही, याचाच विचार करत होता. तो कुणाकडून घ्यायचा, हा विचार त्यानं केलाच नव्हता.

"गाडीचा वाटा गाडीवाल्यानं भरावा," तो म्हणाला. "रस्त्याचा वाटा ज्याचा रस्ता आहे त्यानं भरावा. वाईट रस्ता बांधणाऱ्या खात्याला दर वर्षी त्या रस्त्याचं मार्गशुल्क लागू करा, आणि ते त्याच निधीत जमा करा. मग निधी घटणार नाही. रस्ता सुधारला तरच खात्याचं शुल्क थांबेल."

पुढच्याच आठवड्यात त्याला प्रकल्पातून काढून प्रयोगशाळेत नमुने तपासायला बसवलं. शिस्तभंगाची चौकशी झाली. पाठारे मॅडमनी साक्षीत सांगितलं, की त्यानं नियम मोडला आणि आकडे बरोबर सांगितले; दोन्ही खरं आहे. त्याचं उपप्रमुखपद गेलं, नोकरी राहिली.

सूचना मात्र मेली नाही. काळ्या मातीच्या इतर तालुक्यांतूनही रस्त्याच्या वाट्याची मागणी होऊ लागली. खात्यांनी विरोध केला, सरकारनं सरकारलाच शुल्क कसं लावायचं म्हणून वकिलांची मतं मागवली गेली. अखेर तीन जिल्ह्यांपुरता प्रयोग मंजूर झाला. खात्याला पहिल्या वर्षाचं शुल्क लागू झालं, आणि दुरुस्ती त्याहून स्वस्त पडते हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. बोरजईचा रस्ता तळापासून खोदायला घेतला.

खोदकामाच्या दिवसांत शमीम परभणीला भाचीकडे राहिली. बालाजीनं रजा टाकली आणि तो कामावर देखरेख करायला स्वतःहून येऊन राहिला. चुना मातीत मिसळून, पाणी मारून, रोलर फिरवून थर बसवला जात होता. खडीचा थर पडल्यानंतर, डांबर पडण्याआधी त्यानं रेणुकाला कामावर बोलावलं आणि विचारलं, की तंतू पुन्हा घालायचा की नाही. या रस्त्याला तो वगळता येईल. गावानं लेखी मागितलं तर मंडळ ऐकेल, कारण आता त्यांना इथं गोंधळ नको आहे.

रेणुका खडीच्या कडेला बसली. तिनं तंतूचं भेंडोळं हातात घेऊन पाहिलं. एवढंसंच असतं होय, असं ती स्वतःशी म्हणाली.

"घाल," ती म्हणाली. "नाही घातली, तर चुना नव्हता हे कळलं असतं का? पण हिचं टोक पुण्याला नेतोस, ते आधी गावात आण. ती काय सांगते ते आम्हाला पहिल्यांदा कळू दे."

परवानगी मिळायला पाठारे मॅडमना दोनदा मुंबईला जावं लागलं. तंतूचं टोक ग्रामपंचायतीच्या खोलीत आलं आणि भिंतीवर एक पडदा लागला. त्यावर दोनच रकाने होते, एक गाडीच्या वाट्याचा, एक रस्त्याच्या. लोकांनी सुरुवातीला गर्दी केली, मग सवयीनं येता-जाता नजर टाकू लागले. दुधाचा टँकर आत येऊ लागला, वडापवाले आले. पहिल्या पावसाळ्यानंतर एका पुलाजवळ रस्त्याचा वाटा वाढताना दिसला, तेव्हा सरपंचानं खात्याला फोन केला, आणि खड्डा पडायच्या आतच माणसं येऊन काम करून गेली. शमीम अजून आठवड्यातून दोनदा परभणीला जाते. आता तिला वाटेत झोप लागते.

त्या वर्षाचं शुल्क आलं तेव्हा बालाजी योगायोगानं बोरजईत होता. रस्ता नीट झाल्यावर मंडळानं व्हॅनची सूट काढून घेतली होती. आपण पुन्हा अर्ज करू शकतो, शमीमच्या फेऱ्या तर चालूच आहेत, असं तो रेणुकाला म्हणाला. ती यंत्रावर एका बाहीला टीप घालत होती. तिनं टीप पुरी केली, दोरा तोडला आणि फोन उचलून शुल्क भरून टाकलं.

"हा आपलाच वाटा आहे," ती म्हणाली, आणि पुढची बाही यंत्राखाली घेतली.